म्यानाबाहेरचा कॅमेरा

टक्.

डब्याची क्लिप निघाली, तेवढाच आवाज. पण दुपारी दोन वाजता आमच्या माधव नगरच्या घरात इतकी शांतता असते की मला तो फटाक्यासारखा वाटला. मी तशीच थांबले. पलंगावर माझ्या लेकीने, जयूने, कूस बदलली, ओठ दोनदा चोखल्यासारखे हलवले आणि ती पुन्हा शांत झाली. पलीकडच्या खोलीतलं सासूबाईंचं घोरणं तुटलं नाही. मग दुसरी क्लिप मी अंगठ्याने दाबून धरत काढली, चोरासारखी.

डबा तुरीच्या डाळीचा. म्हणजे डाळीसाठी मीच आणलेला, हवाबंद, दहा किलोचा. आता त्यात माझ्या नवऱ्याचा कॅमेरा राहतो. खाली मखमल, कडेला ओल शोषणाऱ्या पुड्या, आणि आतली हवा किती कोरडी आहे ते दाखवणारं एक इवलंसं घड्याळ. डाळ जुन्या डब्यात गेली आणि तिच्यात किडे झाले. त्याचं कोणाला काही वाटलं नाही.

त्या कॅमेऱ्याला मी हात लावायचा नाही असं घरात ठरलेलं आहे. रुचिर रागावून कधी म्हणत नाही, तो गोड बोलतो, "अश्लू, प्लीज यार, सेटिंग हलते." हेच तो जयूलाही म्हणतो, त्याच आवाजात. फरक एवढाच की जयू पाच वर्षांची आहे, आणि मी लग्नाआधी दोन वर्षं इंदूरच्या एका पेपरात फोटोग्राफर होते.

त्या बुधवारी तो नियम मी मोडला. का मोडला ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

कॅमेरा घ्यायचं ठरलं ते पचमढीसाठी. जयू झाल्यापासून मी उज्जैनच्या बाहेर पडले ती देवासला माहेरी, आणि एकदा इंदूरला तिच्या कानाच्या डॉक्टरकडे. पाच वर्षांत एवढंच. मग एक दिवस रुचिर विम्याच्या ऑफिसातून आला तो म्हणाला, "या डिसेंबरात पचमढी. नाताळात. बिलकुल पक्कं." रिझर्व्हेशनसुद्धा करून टाकलं. मी कॅलेंडरवर गोल काढला. जयूचे बूट एक नंबर मोठे आणले. पेपरात असताना एकदा दीड दिवसासाठी मला तिथे पाठवलं होतं. सकाळी सातला सालवृक्षांतून उजेड तिरका उतरतो आणि वाटेवर पट्टे पडतात, ते मी पाहिलं होतं, आणि मंत्र्याच्या कार्यक्रमाला उशीर होतो म्हणून न काढता निघून आले होते. पाच वर्षं कुकरच्या शिट्ट्या मोजताना मी ते पट्टे आठवत आले आहे.

तर मी रुचिरला सांगितलं, छोटा कॅमेरा घे. एका कडेवर पोर असताना दुसऱ्या हाताने काढता आला पाहिजे. बाहेर उन्हात मागचा स्क्रीन काही दिसत नाही, म्हणून डोळा लावायला खिडकी हवी. झूम बऱ्यापैकी, जादा बॅटरी एक, आणि चार थेंब पावसाचे सोसले पाहिजेत. बस. जो कॅमेरा माझ्या पर्समध्ये जयूच्या पाण्याच्या बाटलीशेजारी मावत नाही, तो प्रवासाला जात नाही. तो घरी राहतो.

"तुझं ते जुनं झालं गं आता," रुचिर म्हणाला, आणि सुहासकाकांना विचारायला गेला.

सुहासकाका आमचे नातेवाईक नव्हेत. ते फोटो क्लबचे अध्यक्ष. जन्मभर कॉलेजात कॉमर्स शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर निसर्ग शिकवायला लागले. त्यांच्याकडे चौदा खिशांचं जाकीट आहे. ते उन्हाळ्यातसुद्धा घालतात, कारण खिसे काढून ठेवता येत नाहीत. क्लब म्हणजे अकरा पुरुष, दर रविवारी सकाळी फ्रीगंजात पोहे-जलेबी खाताना कोणाच्या लेन्सने फोटोचे कोपरे मऊ, म्हणजे अस्पष्ट, येतात यावर चर्चा करतात. फोटो काढताना मी सुहासकाकांना कधी पाहिलं नाही. फोटोबद्दल बोलताना नेहमीच.

चार महिने निवड चालली. चार महिने आमच्याकडे जेवताना कोणीतरी परदेशी माणूस मोबाईलमधून सेन्सरबद्दल बोलत होता. मी सांगितलेला छोटा कॅमेरा कोपऱ्यांवरून बाद झाला.

"कोपऱ्यात तू काढणार काय आहेस?" मी विचारलं.

"प्रश्न तो नाहीये, अश्लू."

प्रश्न कोणता ते मला अजून कळलेलं नाही. कॅमेरा मात्र आला. मोठा सेन्सर, आणि दुधीभोपळ्याएवढी लेन्स. जयू जन्मली तेव्हा दोन किलो आठशे होती; हे सगळं मिळून त्याहून जड. रुचिरने तो खोक्यातून दोन्ही हातांनी असा उचलला की जयूला त्याने असं धरलेलं मला आठवेना. हे मी चिडून लिहिते आहे. धरलं होतं, तसंच, दोन्ही हातांनी. पण त्या दिवशी मला आठवलं नाही, एवढं खरं.

मग प्रवासाचा हा कॅमेरा प्रवासाला निघाला. गच्चीवर. मग पुन्हा गच्चीवर. एकदा राम घाटावर नेला, तेव्हा एका पंडितजींनी विचारलं, "भैया, न्यूजवाले हो क्या?" त्यावर रुचिर आठ दिवस खूष होता. मग परत गच्ची. आमच्या पाण्याच्या टाकीचे इतके सुरेख फोटो अख्ख्या माळव्यात कोणाकडे नसतील.

आणि मग खंडेनवमी आली.

आमच्याकडे खंडेनवमीला शस्त्रं पुजतात. सासूबाई सांगतात, आपण दरबारातली माणसं. खरं म्हणजे यांचे पूर्वज दरबारात होते ते दफ्तरात; तलवार त्यांनी पाहिली असेल तर दुसऱ्याच्या कमरेला. पण घरात एक रीत आहे आणि ती अगदी कडक आहे: पुजायची वस्तू म्यानाबाहेर काढून पुजायची. म्यानात पुजलेलं शस्त्र वेळेला निघत नाही. म्हणून चाकूचं प्लास्टिक काढतात, कात्री उघडी ठेवतात, शिवणयंत्राची पाटी सरकवतात, रुचिरच्या लॅपटॉपचा पडदा वर करतात. यंदा पाटावर मधोमध कॅमेरा होता.

"हे काय? म्यानात आहे हा," सासूबाई म्हणाल्या.

"आई, पिशवीतून काढलाय ना."

"हे नळकांडं वेगळं होतं ना रे? मग वेगळं कर. प्रत्येकाला हळदकुंकू लागलं पाहिजे."

आणि माझ्या नवऱ्याने, चार महिने सेन्सरचा अभ्यास केलेल्या माणसाने, कर्रकन लेन्स फिरवून काढली आणि कॅमेरा तोंड उघडं ठेवून पाटावर उताणा निजवला. आत तो सेन्सर, फोटो जिथे उमटतो तो, निळसर जांभळा, मोराच्या पिसासारखा चमकत होता. मी आरतीचं ताट घेऊन मागेच उभी होते.

"अहो, झाकण लावा त्याच्यावर," मी म्हटलं. सासूबाईंसमोर मी अहो म्हणते.

"पूजेत देवाचं तोंड झाकतेस का तू?" सासूबाई म्हणाल्या.

"बॉडी सील्ड आहे गं," रुचिर म्हणाला. "धूळ, पाणी, काही शिरत नाही आत."

दार सताड उघडं टाकून कुलूप किती भारी आहे ते सांगावं, तसं. सासूबाईंच्या हाताला हल्ली कंप आहे. त्यांनी चिमटीत कुंकू घेतलं, कॅमेऱ्याच्या कपाळावर टेकवलं, आणि चिमूट सुटताना त्यातलं थोडं आत पडलं. मी पाहिलं. दोन-तीन कण, फार नाही. नंतर रुचिरने लेन्स बसवली, झेंडूचं फूल ठेवलं, आणि आम्ही सगळ्यांनी नमस्कार केला. जयूने तर डोकं टेकवून केला.

नोव्हेंबरात क्लबची सहल गेली उंडाशाला. उंडासा म्हणजे गावाबाहेरचं तळं. थंडीत तिथे लांबलांबचे पक्षी उतरतात. रुचिरने सूर्योदय काढला. सुहासकाकांचा नियम आहे की निसर्गदृश्याला अपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं भोक, अगदी बारीक करायचं. आता हे काम केलेल्या माणसाला माहीत असतं: अपर्चर उघडं ठेवलं तर सेन्सरवरचा कण फोटोत विरघळून जातो, आणि बारीक केलं की तो ठसठशीत उठून दिसतो. सूर्य आला, पाणी आलं, आणि वर उजवीकडे, केशरी आभाळात, एक काळपट ठिपका आला. मधे जाड, दोन्ही बाजूंना निमुळता.

पोह्यांच्या टेबलावर सुहासकाकांनी तो ठिपका बोटांनी मोठा केला.

"रुचिर," ते म्हणाले, "हे काय आहे कळतंय का तुला?"

"पक्षी आहे काका."

"पक्षी! अरे, पंखांची बोटं बघ. ठिपकेदार गरुड आहे हा!"

हे मला रुचिरनेच घरी येऊन सांगितलं, उभ्या उभ्याच, बूट न काढता. मग सुहासकाकांना आठवलं की त्यांनी तो गरुड त्या सकाळी प्रत्यक्ष पाहिलाही होता, उजवीकडून डावीकडे जाताना. फक्त बोलले नव्हते, पक्षी बुजतो म्हणून. मग क्लबातल्या हर्षलने, फ्रीगंजात त्याचं मोबाईलचं दुकान आहे, तो फोटो एका अॅपमधून काढला. ते अॅप धूसर गोष्टी स्पष्ट करून देतं. त्याने गरुडाला चोच दिली. पिसं दिली. एक डोळासुद्धा दिला, जरा रागीट.

तो फोटो क्लबच्या ग्रुपवर गेला, तिथून नात्यातल्या सगळ्या ग्रुपांवर, आणि जयूच्या शाळेत. तिने टीचरना सांगितलं, "मेरे बाबा ने गरुड पकडा." वर्गाने टाळ्या वाजवल्या. तिने चित्र काढलं, खाली बाबा आणि वर गरुड, दोघे सारख्याच उंचीचे. ते फ्रीजवर लागलं.

मी संगणकात शिरून बाकीचे फोटो पाहिले. गरुड टाकीवर होता. गरुड जयूच्या वाढदिवसाच्या केकच्या वर होता. दिवाळीत सासूबाईंचा गच्चीवर उन्हात काढलेला एक छान फोटो आहे, नऊवारीतला. त्यात गरुड त्यांच्या डोक्यावर अगदी तिथेच, वर उजवीकडे, पंख पसरून. नवमीच्या आधीच्या एकाही फोटोत तो नव्हता.

मी हसले. मग सांगणारही होते, खरंच. पण त्याच संध्याकाळी रुचिर म्हणाला की आता दर रविवारी उंडासा, आणि डिसेंबरातली रजा कदाचित तिकडे लागेल. मी म्हटलं, "अरे, तो गरुडच आहे हे नक्की का? आत काही गेलं असेल कॅमेऱ्याच्या."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं आपण रडक्या मुलाकडे पाहतो. "अश्लू, तुला वाईट वाटतं ते कळतं मला. तुझं सुटलं ना हे सगळं. पण असं जळू नये गं."

जळू नये! मनात हिशोब वेगळाच केला. कुंकू काढून टाकलं की गरुड येणार नाही. गरुड आला नाही की दोन रविवारांत यांचा उत्साह उतरेल. रजा वाचेल, पचमढी होईल, आणि कोणाची फजितीही नको. किती शहाणी मी.

म्हणून ती बुधवारची दुपार.

कॅमेरा हातात घेतला आणि पहिल्यांदा काय झालं असेल तर माझ्या उजव्या हाताला सगळं आठवलं. कुठलं बोट कुठे जातं, श्वास कुठे धरायचा. हे असलं यंत्र मी कधी वापरलं नव्हतं, पण हाताला त्याची पर्वा नव्हती. अपर्चर पार बारीक केलं, फोकस मुद्दाम चुकवला आणि स्वयंपाकघरातल्या पांढऱ्या भिंतीचा एक फोटो काढला. सेन्सर तपासायची ही साधी रीत आहे. भिंतीवर गरुड आला, ठळक.

धूळ उडवायचा हवेचा फुगा रुचिरकडे होता, पण तो पिशवीच्या कुठल्या खिशात ते कोणास ठाऊक. जयू तान्ही असताना नाक साफ करायला आणलेला रबरी फुगा होता, जादा, पाकिटातून न काढलेला. लेन्स काढली, कॅमेऱ्याचं तोंड खाली केलं, म्हणजे सुटलेलं पुन्हा आत बसू नये, आणि टोक आत न घालता बाहेरूनच फुगा दाबला. फुस्. फुस्. मनात म्हणाले, जा बाबा. पाचव्यांदा भिंत स्वच्छ आली. पहिला भिंतीचा फोटो मात्र मी संगणकात ठेवला. का, ते विचारू नका.

मग परत डब्यात घालायच्या आधी, एकच, झोपलेल्या जयूचा काढला. खिडकीच्या उजेडात, तिच्या पायाच्या तळव्याचा. तळव्याला शाईचा डाग होता. तो तिथे असायलाच हवा होता.

त्या रविवारी मीच म्हटलं, "जयूलाही घेऊन जा ना. रोज गरुड गरुड करते." ती स्वेटर, टोपी घालून, पहाटे त्या जड काळ्या पिशवीशेजारी गाडीत मागे बसून गेली. मला घरात चार तास मिळाले. मी पचमढीची बॅग काढून तिला ऊन दाखवलं.

दहाच्या सुमारास सगळे थेट आमच्याकडेच आले: रुचिर, जयू, सुहासकाका, हर्षल. पोहे मी करूनच ठेवले होते. सासूबाई जलेबी वाढत होत्या.

"काय काका, दिसला का?" मी विचारलं. जरा गोडच विचारलं.

"नाही," सुहासकाका म्हणाले, आणि त्यांचा चेहरा मुळीच पडलेला नव्हता. "रुचिरने चारशे फोटो काढले. एकातही नाही."

"म्हणजे गेला वाटतं."

"वहिनी, यही तो बात है!" हर्षल म्हणाला. "काका म्हणतात, म्हणूनच तो रेअर आहे."

"न दिसणं हीसुद्धा नोंद असते," सुहासकाकांनी सांगितलं. "रोज दिसतो तो कावळा. हा भटका गरुड आहे, एकटा. पंधरा दिवसांनी फेरी मारणार. म्हणून मी ठरवलंय, चोवीस ते एकतीस, तळ्यावर मुक्काम. तंबू टाकू. रुचिर, तू तर हवासच. गरुड तुझा आहे."

"मी आहेच काका," रुचिर म्हणाला.

माझ्या हातात शेवेची वाटी होती. "आणि पचमढी?"

"अगं, पचमढी कुठे पळून जाते?" रुचिर हसला. "पहाड आहे तो. गरुड उडून जातो."

सगळे हसले. सासूबाईसुद्धा.

"अहो, जरा आत या," मी म्हटलं.

"काय आहे? इथेच बोल ना. घरचेच आहेत सगळे."

"आत या म्हटलं ना."

"अश्लू, पोहे गार होतात."

मग मी लॅपटॉप आणून पोह्यांच्या मधोमध ठेवला. आधी तळं दाखवलं. मग टाकी. मग केक. मग सासूबाई. प्रत्येक फोटोवर बोट त्याच जागी ठेवत गेले. शेवटी भिंत.

हर्षलला सगळ्यांत आधी कळलं. त्याचा घास तोंडातच राहिला. "ओ तेरी! भिंतीवर पण?"

"खंडेनवमीचं कुंकू आहे ते," मी म्हटलं. "सेन्सरवर पडलेलं."

"अशक्य," सुहासकाका म्हणाले. "मी स्वतः पाहिलाय त्याला. उजवीकडून डावीकडे गेला."

"गेला कुठे काका? आईंच्या डोक्यावर तसाच आहे. दिवाळीपासून हलला नाही."

"चोच होती त्याला!"

"चोच तो मेरे अॅप ने लगाई थी, काका," हर्षल म्हणाला. "कसम से, डोळा पण." आणि त्याला हसू आवरेना. तो उठून बाल्कनीत गेला तरी खांदे हलताना दिसत होते.

सुहासकाकांनी जाकिटाच्या दोन-तीन खिशांच्या चेन लावल्या, उघड्या नव्हत्या त्यासुद्धा. "तांत्रिक बाजू तपासून घ्यावी लागेल," म्हणाले, आणि निघाले. जलेबी मात्र संपवली होती. हर्षलही मागून गेला. जिन्यात त्याचं हसणं पुन्हा फुटलं ते आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

मी जिंकले होते. मला वाटलं होतं, त्यांचा तो चेहरा पाहताना मला फार मजा येईल. आली. साधारण जिना उतरायला लागतो तेवढा वेळ.

"म्हणजे मीच बिघडवला का रे, एवढ्या हौसेचा?" सासूबाई म्हणाल्या. त्या आपल्या बोटांकडे पाहत होत्या.

"नाही हो आई. काही बिघडलं नाही. साफ झालाय तो."

"कधी?" रुचिरने विचारलं.

"बुधवारी."

"तू हात लावलास?"

"लावला."

तो पोह्यांतले शेंगदाणे बोटाने एका बाजूला करत राहिला. जयूही अस्संच करते. मग म्हणाला, "नवमीला तू मागे उभी होतीस. कुंकू पडताना पाहिलंस?"

"झाकण लावा म्हटलं होतं मी."

"ते ऐकलं होतं मी. पडल्यावर विचारतोय. पडलं ते पाहिलंस?"

"पाहिलं."

"आणि बोलली नाहीस."

खोटं बोलता आलं असतं. "बरं वाटलं मला तेव्हा," मी म्हटलं.

सासूबाई उठून आत गेल्या. रुचिरने मान हलवली, रागाने नाही, हो-हो अशी, विम्याच्या कागदावर कोणी आपली खरी तब्येत सांगितली की तो हलवत असेल तशी. मला एकदम दिसलं की ऑफिसात कोणी त्याचं नाव घेत नाही, घरात त्याचं आई ऐकत नाही, आणि गेले तीन आठवडे तो जिना दोन-दोन पायऱ्या चढून येत होता. एका ठिपक्यावर. मी पाचदा फुगा दाबला आणि ते उडवून दिलं.

"तिकिटं अजून कॅन्सल नाही केली," तो म्हणाला. "संध्याकाळी करणार होतो. जाऊ आपण." मग त्याने ती काळी पिशवी माझ्याकडे सरकवली. फेकली नाही, नीट सरकवली. "तिथे तू काढ. मी जयूला धरतो."

"रुचिर..."

"खरंच सांगतोय. मला फक्त ते क्लबचं कळवायचंय, तेवढं थांब. काय लिहू? कुंकू होतं लिहू?"

"काही लिहू नको. हर्षलने एव्हाना लिहिलं असेल."

यावर तो थोडा हसला. मीही हसले. पोह्यांची ताटली मी त्याच्यासाठी गरम करायला उचलली, आणि तेव्हा जयू दिसली. ती सोफ्याच्या मागे जमिनीवर बसून मोजे काढत होती. एक निघाला होता, दुसरा अर्धवट टाचेवर. आम्ही तिला विसरलोच होतो.

"आई, म्हणजे बाबांचा गरुड नव्हताच?"

मी खाली बसले, मोजा ओढून काढला. पाय थंडगार होता. तो मोकळ्या तळहातात धरला. "नव्हता, राणी. ते आजीच्या हातून पडलेलं कुंकू होतं. छोटंसं. फोटोत मोठं दिसलं."

तिने विचार केला. विचार करताना ती खालचा ओठ आत घेते.

"पण आज होता ना."

"कुठे?"

"तळ्यावर. पाण्यात ते वाळकं झाड आहे ना, त्याच्यावर. मोठ्ठा. बसला होता. त्याने मान अशी अश्शी फिरवली आणि माझ्याकडे बघितलं." ती मान फिरवून दाखवत होती. "मी बाबांना म्हटलं, बाबा बघ ना, तर बाबा म्हणाले थांब पिल्लू, लेन्स लावतोय. मग मी काकांना म्हटलं. काका मागचे फोटो बघत होते. हर्षलकाकांना पण म्हटलं. मग तो उडून गेला. त्याच्या पंखाचा आवाज पण आला."

रुचिरने हातातला मोबाईल खाली ठेवला. तो जयूकडे नाही, माझ्याकडे पाहत होता.

मीही. ताटली अजून माझ्या एका हातात होती. जयूने दुसऱ्या हातातून पाय सोडवून घेतला आणि माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं.

"मग तो कोण होता, आई?"